खालची कवळी उचलते आणि चेहरा परका वाटतो: काय करता येईल?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. आपल्या आई 68 वर्षांच्या असून परभणी जिल्ह्यात गावी राहतात. सर्व दात काढून दोन वर्षे झाली आणि एवढ्या काळात दोन कवळ्या करून झाल्या. वरची कवळी बऱ्यापैकी बसते, पण खालची घास घेतला की उचलते. टोचते म्हणून ती तीन वेळा घासून आणली, तरी टोचणे थांबले नाही आणि सैलपणा मात्र वाढला. शिवाय दात लावले की ‘हा माझा चेहराच नाही’ असे त्या म्हणतात, त्यामुळे कवळी डबीत राहते आणि लग्नकार्यापुरती बाहेर निघते. आता तिसरी कवळी करावी की थेट इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचे धातूचे स्क्रू), आणि हा त्रास या वयात अटळच आहे काय, असे आपण विचारले आहे.

मी लातूरला 26 वर्षे प्रोस्थोडोंटिस्ट म्हणून, म्हणजे कवळ्या आणि कृत्रिम दात बसवण्याचेच काम करीत आहे. त्या अनुभवावरून सांगतो की हा त्रास अटळ नाही. आपण टोचणे आणि चेहरा परका वाटणे या दोन तक्रारी वेगवेगळ्या मांडल्या आहेत. माझ्या मते त्या बहुतेक वेळा एकाच चुकीतून येतात. आईंचे मूळचे दात ज्या जागी आणि ज्या उंचीवर होते, तिथे कवळीचे दात नाहीत. जागा आणि उंची बरोबर साधली तर ओठ आणि गाल आपोआप आधार घेतात, जीभ कवळीला ढकलत नाही आणि हिरडीवर भार सारखा पडतो. कवळीचे दात आधी मेणात मांडून तोंडात पाहतात, आणि हे सगळे कवळी अशी मेणाची असते तोपर्यंतच सुधारता येते. एकदा ती शिजून अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे कडक प्लास्टिकची, झाली की नंतर फार थोडे हातात उरते.

खालची कवळी वरचीपेक्षा सैल का असते, हे आधी समजून घ्यावे, कारण त्याची कल्पना नसेल तर चांगली कवळीसुद्धा वाईट वाटते. वरच्या कवळीला संपूर्ण टाळूचा आधार मिळतो. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो आणि कडा चोहोबाजूंनी बंद असल्या की दोन ओल्या काचा एकमेकींना धरतात तशी ती धरून राहते. खालच्या जबड्यात मध्ये जीभ असल्यामुळे आधाराची जागा वरच्यापेक्षा जवळपास निम्मी असते, आणि तीही घोड्याच्या नालेसारखी अरुंद. त्यात दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते. ही झीज पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने होते, पुढे मंदावते, पण थांबत नाही. आणि अनेक वर्षांच्या हिशेबात खालचा जबडा वरच्याच्या सुमारे चौपट झिजतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच मी रुग्णाला सांगतो की खालची कवळी वरचीइतकी घट्ट कधीच बसणार नाही, ती जीभ आणि गालांच्या स्नायूंनी सांभाळायची असते. ‘सायेब, वरची बसली, खालची नुसती पोहायली,’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो, आणि त्या पोहण्यातला निम्मा भाग तरी सुधारण्यासारखा असतो.

आपल्या पत्रातील ‘तीन वेळा घासून आणली’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. कवळी टोचली की कडा कापणे हा सर्वांत सोपा उपाय असतो आणि पुष्कळदा तोच चुकीचा असतो. कोणत्या जागी टोचते यावरून कारण ओळखता येते. फोड किंवा लाल रेघ कवळीच्या अगदी कडेला, गालाच्या किंवा जिभेच्या वळणात असेल, तर कड लांब झाली आहे आणि ती तेवढ्याच जागी, केसभर कमी करावी. पण दुखणे हिरडीच्या माथ्यावर असेल तर दोष कडेचा नसून चाव्याचा असतो. वरचे आणि खालचे दात एकाच वेळी न टेकता एक बाजू आधी टेकते, कवळी किंचित सरकते आणि हिरडी प्रत्येक घासाला रगडली जाते. अशा वेळी कड कापली तर आधार कमी होतो, उरलेल्या जागेवर भार वाढतो आणि टोचणे दुसरीकडे सुरू होते. आईंच्या कवळीचे असेच झाले असावे. खालची कवळी हातात घेऊन तिची मागची टोके पाहा आणि मग आईंच्या तोंडात पाहा. शेवटच्या दाढेच्या जागेमागे एक मऊ, नासपतीच्या आकाराचा लहान उंचवटा असतो. कवळीने तो दोन्ही बाजूंना झाकलेला हवा. त्याच्या अलीकडेच कवळी संपत असेल तर ती आखूड आहे, आणि आखूड कवळी कितीही चिकटवली तरी टिकत नाही.

आणखी दोन गोष्टी घरी पाहता येतील. आईंना खुर्चीवर ताठ बसवून कवळी लावायला सांगा, तोंड अर्धवट उघडे ठेवून जिभेचे टोक खालच्या पुढच्या दातांना आतून टेकवायला सांगा. अशा स्थितीत, काहीही न खाता, कवळी आपोआप वर येत असेल तर कडा लांब असण्याची किंवा दात जिभेच्या वा गालाच्या जागेत गेलेले असण्याची शक्यता जास्त. शांत असताना ती बसून राहते आणि फक्त चावताना उचलते, असे असेल तर आधी चाव्याचा संशय घ्यावा. दुसरे म्हणजे, त्यांना सावकाश तोंड मिटायला सांगून पहिला स्पर्श कुठे होतो ते विचारा. ‘आधी उजवीकडं लागतंय, मग बसतंय’ असे उत्तर आले तर कारण बव्हंशी सापडले.

चाव्याची ही चूक होण्याचे कारण बहुधा रुग्णाची सवय असते. बोळक्या तोंडाने खाणारी माणसे खालचा जबडा पुढे काढून पुढच्या हिरड्यांनी चावतात. कवळीसाठी जबड्यांचा ताळा घेताना, ज्याला दवाखान्यात सगळे ‘बाइट घेणे’ म्हणतात, ती सवय जात नाही आणि पुढे सरकलेला जबडाच खरा समजून दात मांडले जातात. पुढे जेवताना जबडा आपल्या जागी मागे जातो आणि दात जुळत नाहीत. म्हणून मी रुग्णाला जिभेचे टोक टाळूच्या मागच्या बाजूला लावून तोंड मिटायला सांगतो, गिळायला लावतो, आणि तीच जागा दोनतीनदा सारखी मिळाल्याशिवाय पुढे जात नाही. या कामाला अर्धा तास लागला तरी तो वाया जात नाही.

उंचीचेही तसेच आहे. आपण शांत बसलेलो असताना वरचे आणि खालचे दात टेकलेले नसतात, त्यांच्यात साधारण 2 ते 4 मिलिमीटर फट असते. कवळी उंच झाली तर ही फट नाहीशी होते, बोलताना दात खटखट वाजतात, ओठ मिटायला जोर लागतो आणि संध्याकाळपर्यंत सगळी हिरडी ठणकते. कवळी बुटकी झाली तर हनुवटी नाकाकडे जाते, ओठ पातळ दिसतात, तोंडाच्या कोपऱ्यांत घडी पडून लाळ साचते आणि तिथे चिरा पडतात. या चिरांवर मलम लावत राहणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत; मलमाने चार दिवस बरे वाटते, पण कवळीची उंची बदलल्याशिवाय त्या पूर्ण जात नाहीत.

आता दिसण्याविषयी. हाड झिजते तेव्हा वरचा जबडा वर आणि आत सरकतो. दात हिरडीच्या उरलेल्या माथ्यावर मांडणे तंत्रज्ञाला सोयीचे असते, पण तो माथा आता मूळच्या दातांच्या बराच आत गेलेला असतो. त्यामुळे दात असूनही ओठ आत पडलेले दिसतात. खरी खूण टाळूच्या पुढच्या भागात असते. मधल्या दोन दातांच्या मागे असलेली लहानशी मांसल गाठ दात गेल्यावरही जागेवर राहते, आणि मूळचे पुढचे दात तिच्यापुढे साधारण 8 ते 10 मिलिमीटरवर असतात. तिथे दात आणले की वरच्या ओठाला आधार मिळतो. काही ठिकाणी ओठ भरावा म्हणून दात आतच ठेवून कवळीची पुढची भिंत जाड करतात. तसे केल्यास नाकाखाली फुगवटा येतो आणि माणूस तोंडात काही धरून बसल्यासारखा दिसतो.

रंगाबद्दल माझे मत ठाम आहे. आपल्याकडे बऱ्याच बायकांनी आयुष्यभर मिश्री लावलेली असते, किनवटकडच्या काही गावांत पाण्यातील फ्लोराइडमुळे दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडलेले असतात, त्यामुळे कवळी करताना ‘एकदम पांढरे बसवा’ ही मागणी हमखास येते. ती इच्छा मी समजू शकतो. परंतु सावळ्या चेहऱ्यावर 68 व्या वर्षी दुधासारखे पांढरे आणि एका रेषेत कापल्यासारखे दात दिसले की समोरच्याची नजर आधी दातांवर जाते, आणि रुग्णाला ती नजर जाणवते. रंग निवडताना नमुन्याचा दात ओला करून, ओठाच्या सावलीत, खिडकीतल्या उजेडात पाहावा. ट्यूबलाइटखाली निवडलेला रंग अंगणात वेगळाच दिसतो. वयाप्रमाणे दातांच्या कडा किंचित झिजलेल्या असाव्यात, आणि ओठ शांत असताना तरुणपणी दिसतात तेवढे दात या वयात दिसू नयेत. शिवाय आपल्याकडच्या पुष्कळ लोकांच्या हिरड्या गुलाबी नसून तपकिरी छटेच्या असतात. तयार गुलाबी अ‍ॅक्रिलिक तसेच वापरले तर हसताना ते ओरडून खोटे वाटते. लॅबला सांगितले तर त्यात तपकिरी छटा मिसळता येते, मात्र ते आधी सांगावे लागते.

औशाकडच्या एका आजींच्या ट्रायलचा दिवस मला नेहमी आठवतो. मेणात मांडलेले दात तोंडात बसवले होते, सर्व मापे बरोबर होती, उच्चार स्वच्छ होते, पण आजी आरसा हातात घेऊन गप्प राहिल्या. नको असे म्हणाल्या नाहीत, चांगले आहेत असेही म्हणाल्या नाहीत. सोबत आलेली मोठी मुलगी बराच वेळ पाहत होती, मग म्हणाली, ‘मायचा डावीकडचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता.’ मी मेणाची सुरी तापवली, मधल्या दाताशेजारचा डावा दात सैल केला, त्याची बाहेरची कड थोडी मागे वळवून आतली कड शेजारच्या दातावर किंचित चढवली आणि मेण थंड होऊ दिले. काम पाच मिनिटांचे होते. आजींनी पुन्हा आरसा घेतला, पदर सावरला आणि मुलीकडे पाहून हसल्या. तेव्हापासून जुना फोटो आणल्याशिवाय मी दात निवडत नाही. लग्नातला, मतदार ओळखपत्रावरचा, कोणताही चालतो. त्यात हसणे असेल तर उत्तम. ट्रायलच्या दिवशी आरसा नाकाजवळ न धरता हातभर लांब धरावा, कारण लोक आपल्याला तेवढ्या अंतरावरून पाहतात. घरचे कोणीतरी सोबत असलेच पाहिजे.

त्याच दिवशी बोलूनही पाहावे. मी रुग्णांना एकसष्टपासून अडुसष्टपर्यंत अंक म्हणायला लावतो. ‘स’ म्हणताना खालचे दात वरच्यांच्या अगदी जवळ येतात, पण टेकत नाहीत. टेकून आवाज झाला तर कवळी उंच आहे. मग ‘वावर’ आणि ‘विहीर’ हे शब्द. ‘व’ म्हणताना वरच्या दातांच्या कडा खालच्या ओठाला हलक्या लागायला हव्यात; त्या लागत नसतील तर दात आखूड किंवा आत आहेत. शेवटी ‘चहाचा चमचा’. मराठीत ‘च’ दोन तऱ्हेचा आहे आणि या दोन शब्दांत दोन्ही येतात. ‘चमचा’मधला ‘च’ जिभेचे टोक दातांच्या अगदी मागे लावून येतो, त्यामुळे तिथे कवळी जाड असेल तर तो पहिल्यांदा बिघडतो. ही जाडी मेणात असताना दोन मिनिटांत कमी होते.

माप घेण्याविषयी एक सावधगिरी, आणि ती मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात दूरच्या गावाहून आलेल्या एका रुग्णाची सैल कवळी काढून मी त्याच दिवशी नवीन माप घेतले, त्यांना पुन्हा यायला लागू नये म्हणून. जुन्या कवळीने दाबलेली, सुजलेली हिरडी त्या मापात उतरली. नवी कवळी पहिल्या दिवशी छान बसली आणि सूज उतरल्यावर खुळखुळू लागली. त्यांना मला सर्व काम नव्याने करून द्यावे लागले आणि एसटीच्या सहा फेऱ्या त्यांच्या वाट्याला आल्या. तेव्हापासून जुनी कवळी किमान 24 ते 48 तास बाहेर ठेवल्याशिवाय मी अंतिम माप घेत नाही. हिरडी जास्त दुखावलेली असेल तर जुन्या कवळीत मऊ अस्तर घालून ती आधी बरी होऊ देतो. चांगल्या कवळीला साधारण पाच भेटी लागतात. दोन भेटींत मिळालेल्या कवळीत यातली कोणती तरी पायरी गाळलेली असते.

कवळी मिळाल्यानंतरचे पहिले सहा ते आठ आठवडे शिकण्याचे असतात. सुरुवातीला लाळ जास्त सुटते, तोंड भरल्यासारखे वाटते, जीभ चावली जाते, हे ओसरते. जेवणात एकदम ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडू नये. पहिला आठवडा भाकरी वरणात किंवा येसर आमटीत कुस्करून घ्यावी, खिचडी, उपमा आणि मऊ शिजलेली भाजी खावी. मग गरम भाकरीचा पापुद्रा, मग धपाटे, असे पुढे जावे. घास लहान घेऊन तो दोन्ही बाजूंच्या दाढांवर एकाच वेळी ठेवून चावावा, म्हणजे कवळी एका बाजूला उलटत नाही. पुढच्या दातांनी पेरू किंवा कणीस तोडू नये. त्याने वरची कवळी मागून सुटते. तीळ आणि कारळाच्या चटणीचा एखादा दाणाही कवळीखाली गेला तर खड्यासारखा टोचतो, तेव्हा आई थांबून कवळी धुऊन परत लावत असतील तर त्यात संकोच नको. कवळीची चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढीच असते, म्हणून ऊस आणि फुटाणे सोडलेले बरे. टोचत असेल तर डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एक दिवस कवळी लावून ठेवावी, म्हणजे नेमकी जागा लाल दिसते. घरी पॉलिशपेपरने किंवा कानशीने घासू नये.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी. रात्रंदिवस कवळी ठेवणाऱ्यांच्या टाळूला बुरशी लागून तो लालभडक होतो. स्वच्छतेला मऊ ब्रश आणि साधा साबण पुरेसा आहे. टूथपेस्टने ओरखडे पडतात आणि उकळत्या पाण्याने कवळी वाकते. धुताना खाली पाण्याने भरलेली परात ठेवावी, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. चिकटवण्याच्या पावडरीला माझा विरोध नाही, पण तिने चुकीचे माप बरोबर होत नाही.

इम्प्लांटबद्दल. खालच्या जबड्यात, सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवली तर खालच्या कवळीचा प्रश्न फार मोठ्या प्रमाणात सुटतो. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात 2002 साली जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा असे म्हटले होते, आणि शास्त्र म्हणून ते मला मान्य आहे. मात्र इम्प्लांटवर बसणारी कवळीही आधी योग्य चाव्याची आणि उंचीचीच लागते. म्हणून माझा सल्ला असा की आधी सर्व पायऱ्या पाळून एक कवळी करावी, आईंना ती तीन महिने वापरू द्यावी आणि त्यानंतरही खालची सांभाळता येत नसेल तर त्याच कवळीला दोन इम्प्लांटचा आधार द्यावा. त्याआधी साखर आटोक्यात हवी आणि मिश्री किंवा तंबाखू असेल तर ती सुटायला हवी. खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारपूस करावी. केंद्राच्या 2017 पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतही पात्र ज्येष्ठांसाठी कवळीचा समावेश आहे.

दवाखान्यात जाताना दोन्ही जुन्या कवळ्या सोबत न्याव्यात, कोणतीही फेकू नये, कारण मागच्या कामात काय चुकले ते त्यांवरच दिसते. जुने फोटो आणि चालू असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्याही घ्याव्यात. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते आणि कोरड्या तोंडात वरची कवळीही धरत नाही. माप घ्यायच्या आधीचे दोन दिवस खालची कवळी लावू नये. आणि कवळी काढून ठेवल्यावरही दोन आठवड्यांत भरून न आलेली कोणतीही जखम तोंडात असेल, विशेषतः आईंनी कधी तंबाखू किंवा मिश्री लावलेली असेल, तर कवळीचा विषय बाजूला ठेवून ती जखम आधी तपासून घ्यावी.